दोऱ्याचं माप

उंब्रजमध्ये मनुबाईचं नाव दोन गोष्टींसाठी निघायचं. एक तिच्या जिभेसाठी. ती बोलायला लागली की चावडीपर्यंत ऐकू जायचं, आणि गप्प बसली तर घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारीपाजारी समजायचे. दुसरी गोष्ट म्हणजे केरबा. केरबा तिनं उकिरड्यावरून उचललेलं पोर. हे ती स्वतःच सगळ्यांना हसत सांगायची आणि ऐकणारेही हसायचे.

ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिचं नवं बाळ सुपात घालून क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं, अशी आपल्याकडची रीत. दुसऱ्या बाईनं ते उचलायचं, मला केरात पोर गावलं असं मोठ्यानं म्हणायचं, आणि खऱ्या आईनं ओंजळभर कोंडा देऊन ते तिच्याकडून परत घ्यायचं. म्हणजे म्हणे मरणाची फसगत होते. हे काही हिचं नव्हे, केरातलं आहे, असं समजून ते पुढच्या घरी जातं. मग पोराचं नाव केरबा नाहीतर दगडू ठेवायचं. गावोगाव असे केरबा आहेत आणि ते आपापल्या आईजवळच वाढलेत. मनुबाईच्या केरबाचं तेवढं तसं झालं नाही.

मनुबाईचं माहेर कुंडल. तिथं तिचा धाकटा भाऊ ज्ञानू आणि त्याची बायको राहीबाई. राही हाडानं बारीक, कामाला वाघ, पण नणंदेपुढं मान वर करून बोलायची नाही. तिची तीन बाळं एकामागून एक गेली. दर वेळी तेच. आठ दिवस बाळ नीट दूध प्यायचं, मग त्याचा जबडा आवळायचा, अंग ताठायचं आणि संपायचं. चौथ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा ज्ञानू एका देवऋष्याकडं गेला. त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. त्याला स्वतःला सात पोरं होती, सातही धडधाकट, आणि दुसऱ्याच्या बायकोवर बोट ठेवायला त्याचं काहीच जात नव्हतं.

"आईची नजर जड हाय," त्यानं सांगितलं. "डोळं भरून बघती आन् प्वार जातं. ह्या खेपेला कोंडा दिऊन लगीच घिऊ नका. प्वार नदीपल्याड जाऊ द्या. पाच वर्सं आईनं त्याला बघायचं न्हाई. पाचव्या वर्सी पालीच्या खंडोबाला जावळ द्या, आन् मग घाला कोंडा आन् आना घरी."

कृष्णेच्या पल्याड त्यांचं होतं कोण? उंब्रजची मनुबाई. लग्नाला बारा वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. नवरा सयाजी मराठा पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर घरी. आणि पोराची ती सख्खी आत्या. सगळ्यांनी हातावर हात मारला आणि ठरलं. राहीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती, कारण देवऋष्याचं म्हणणं तिला पुरतं पटलं होतं. तीन बाळं आपण बघून बघून मारली, असं ती त्या दिवसापासून धरून चालली.

बाळंतपणाला मनुबाई कुंडलला गेली तेव्हा तिच्या कनवटीला दाढीचं एक नवं पातं होतं. सयाजीनं मागच्या रजेत दिलेलं. लष्करी दवाखान्यात त्यानं चार गोष्टी ऐकल्या होत्या. नाळ विळ्यानं कापू नका, हे पातं पाण्यात उकळा आणि यानंच कापा, असं त्यानं बजावलं होतं. मनुबाईनं सुइणीशी कडकडून भांडून तसं करायला लावलं. भांडायला तिला निमित्तच हवं असायचं. त्या पात्याचा विचार पुढं कुणी केला नाही. तिनंही नाही.

हे चाळीस सालच्या फाल्गुनातलं. मुलगा झाला. पाच दिवस राहीनं त्याला डोळ्यांवर पदर बांधून पाजलं. पाचव्या दिवशी सूप उकिरड्यावर गेलं. मनुबाईनं ते उचललं, ठरलेले शब्द खणखणीत आवाजात म्हटले आणि बैलगाडीत जाऊन बसली. आत राही भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिचा हुंदकासुद्धा बाहेर आला नाही.

उंब्रजला शेजारच्या एका बाळंतिणीनं आणि एका शेळीनं मिळून केरबाला वाढवलं. आठवा दिवस गेला, बारावा गेला, महिना गेला. पोर जगलं. मनुबाईला वेड लागायचं बाकी राहिलं. ती त्याला पाठीला बांधून खुरपायला जायची, त्याच्याशी दिवसभर बोलायची, त्याच्यासाठी शेजारणींशी भांडायची. तो पहिल्यांदा आई म्हणाला तो तिलाच. तिनं त्याला थांबवलं नाही. कुंडलच्या ज्ञानूला तो मामा म्हणायला शिकला आणि जिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं तिला मामी.

पण मनुबाई वाईट बाई नव्हती, निदान तोवर नव्हती. राहीचा जीव तिकडं कसा तुटत असेल हे तिला कळत होतं. पहिल्या दिवाळीला राहीनं ज्ञानूच्या हाती एक अंगडं शिवून पाठवलं. ते इतकं मोठं झालं की त्यात दोन केरबा मावले असते. न बघितलेल्या पोराचं माप तिला कुठून कळणार? मनुबाई आधी हसली आणि मग तिला भरून आलं. तिनं केरबाला वाकळेवर निजवलं, त्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत एक दोरा धरला, तोडला आणि ज्ञानूच्या हातात दिला.

"राहीला दे. म्हनावं, एवढा झालाय."

तेव्हापासून दर दिवाळीला उंब्रजहून कुंडलला एक दोरा जायचा आणि कुंडलहून अंगडं यायचं. ते बरोबर बसायचं. ज्ञानू सांगायचा, राही तो दोरा भिंतीला धरून बघते, खाली खूण करते आणि पुढं कितीतरी वेळ त्या खुणेजवळ बसते. हे ऐकून मनुबाईला बरंही वाटायचं आणि आत कुठंतरी खुपायचंही.

तिसऱ्या वर्षी राहीला राहवलं नाही. ती कुणाला न सांगता आगगाडीनं मसूरला उतरली, नदी ओलांडून उंब्रजला आली आणि मनुबाईच्या परड्यात कडब्याच्या गंजीमागं उभी राहिली. केरबा अंगणात शेळीच्या करडाशी झोंबत होता. मनुबाईला गंजीमागं लुगड्याचा काठ दिसला. तिनं ओळखलं आणि न बघितल्यासारखं केलं. थोड्या वेळानं काठ दिसेनासा झाला. त्या दिवशी केरबा दोन भाकरी खाऊन झोपला. त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही, हे पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

चव्वेचाळीस सालच्या दिवाळीनंतर सरकारी कागद आला. सयाजी इटलीच्या लढाईत बेपत्ता. शाळामास्तरांनी तो दोनदा वाचून दाखवला. बेपत्ता म्हणजे मेला का, असं मनुबाईनं विचारलं. तसं लिहिलेलं नाही, म्हणून मास्तर दुसरीकडं बघायला लागले. आणि पौष तर दीड महिन्यावर आला होता. पौषात पालीची यात्रा. केरबाला पाचवं सरत होतं.

त्या दीड महिन्यात मनुबाईची जीभ बंद झाली. घरात आजारी कुणी नव्हतं, तरी शेजारणी येऊन विचारून गेल्या. नवरा गेला, आता पोर जाणार, आणि आपण या घरात एकटं बसून करायचं काय, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात घुमत होता. पोर आपलं नाही, पाच वर्षांच्या बोलीवर आणलेलं आहे, हे तिला पाठ होतं. पण बोली केली ती बाई आणि आताची बाई एक राहिली नव्हती.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी ज्ञानू आणि राही आले. मनुबाईनं केरबाला आधीच शेजारी पाठवलं होतं. राही नव्या लुगड्यात होती. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला कोंडा होता आणि फडक्याला हळदीकुंकू लावलेलं होतं. पाच वर्षांत तिच्या तोंडावर असलं तेज कुणी पाहिलं नव्हतं. ज्ञानू बैलांना पाणी पाजायला गेला आणि दोघी ओट्यावर राहिल्या.

"वन्सं, त्याला काय आवडतं खायाला?" राहीनं विचारलं. "म्या गूळशेंगा आनल्यात. उद्या मला बघून रडंल का वो त्यो?"

मनुबाईनं तिच्याकडं न बघता विचारलं, "राही, तू गंजीमागं आलीवतीस. व्हय का न्हाई?"

राहीचं तोंड उतरलं. "व्हय. चुकले मी. पर म्या त्वांड न्हाई बघितलं, वन्सं. खंडोबाची आन. पाठमोरंच बघितलं."

"त्याच दिशी पोरगं तापानं फनफनलं. आट दिस डोळं उघडलं न्हाईत. म्या तुमास्नी कळवलं न्हाई, उगा जिवाला घोर नगं म्हनून." एकदा सुरू झाल्यावर तिचं तिलाच थांबता येईना. "देवरुशाला म्या परत इचारलं. त्यो म्हनला, आई पाठमोरी बघून गेली तर ह्ये हाल. समूर बघितलं तर प्वार हातचं जाईल."

"मग कवा?"

"आता मोज न्हाई म्हनला. सांगंल तवा."

ती रडेल, भांडेल, निदान ज्ञानूला हाक मारेल, असं मनुबाईला वाटलं होतं. भांडली असती तर मनुबाई हरलीही असती. पण राहीनं फक्त दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले, जणू त्यांनीच सगळं केलं होतं. मग तिनं कोंड्याचं फडकं उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. लागंल तवा लागंल," ती म्हणाली. "आन् वन्सं, दोरा बी नगा धाडू. त्याच्या अंगाला लागल्याला असतुया त्यो. त्याच्यावर बी माजी नजर पडती."

राहीनं सांगितलं ते ज्ञानूनं अक्काचा शब्द म्हणून खरं धरलं आणि ती दोघं यात्रेला न थांबता परत गेली. दुसऱ्या दिवशी पालीला मनुबाईनंच केरबाचं जावळ काढलं. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं पोर खांद्यावर घेऊन ती परत आली. कोंडा तिनं उतरंडीच्या सगळ्यात खालच्या गाडग्यात ठेवला आणि त्याच्यावर चार गाडगी रचली.

आणि मग सयाजी आला. मेला नव्हता, जर्मनांच्या कैदेत होता. पंचेचाळीसच्या पावसाळ्यात तो लंगडत दारात उभा राहिला तेव्हा मनुबाईनं हंबरडा फोडला. त्या हंबरड्यात आनंद होता आणि दुसरंही काहीतरी होतं, ते त्याला कळायचं कारण नव्हतं. चार दिवसांनी त्यानं विचारलं, "पोराची पाच वर्सं झाली की गं. न्हेलं न्हाई त्येंनी?"

तिनं त्यालाही तेच सांगितलं. ताप, देवऋषी, जड नजर. सयाजी ऐकून घेऊन तंबाखू मळत राहिला.

"नजरंनं मानूस मरत असतं तर आमाला बंदुका कशाला दिल्या असत्या?" तो म्हणाला. "पयली तीन पोरं इळ्याच्या गंजानं गेली. धनुर्वात म्हनत्यात त्याला. ह्ये पात्यानं जगलं. म्या सांगितल्यालं तुला, इसरलीस व्हय? राहीला बोलवून घे. बघू दे तिला पोरगं. ऱ्हायलं तर ऱ्हाईल हितं, त्येला आई दोन झाल्या तर काय बिघाडलं?"

त्या दिवशी मनुबाईला सगळं लख्ख कळलं. तोवर थोडी का होईना, शंकेचा आडोसा होता. देवऋषी खरा असेल, पाठमोऱ्या नजरेनंही काही झालं असतं, असं ती मनाला सांगू शकत होती. आता तो आडोसा उरला नाही. राहीचा काही दोष नव्हता, कधीच नव्हता, आणि हे तिला सांगणं एवढंच काम मनुबाईच्या पुढं होतं. कुंडल काही विलायतेत नाही.

ती म्हणाली, सुगी होऊ द्या. सुगी झाली. मग म्हणाली, पोराला गोवर आलाय. मग पावसाळ्यात नदीला पाणी होतं. सांगायचं म्हणजे आपण खोटं बोललो हेही सांगावं लागणार, आणि केरबानं ते ऐकलं तर तो आपल्याला काय म्हणेल, इथं येऊन तिचं घोडं अडायचं. सयाजीनं चार वेळा विषय काढला आणि मग सोडून दिला. अशी दोन वर्षं गेली. बाईच्या जातीला दोन वर्षं पुढं ढकलणं अवघड नसतं, रोज एकच दिवस ढकलायचा असतो.

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या सालच्या थंडीत ज्ञानूचा निरोप आला. राहीनं अंथरूण धरलंय. खोकल्यातून रक्त पडतंय. ती काही मागत नाही, पण तुला कळवावं म्हणून कळवलं.

मनुबाईनं उतरंड उतरवली. गाडग्यातल्या कोंड्याला कीड लागून त्याची भुकटी झाली होती. फडक्यावरचं कुंकू मात्र तसंच होतं. तिनं ते फडकं झटकून कमरेला खोचलं, केरबाला नवी टोपी घातली आणि सयाजीला म्हणाली, "पोराला घिऊन जाती. समदं सांगती तिला."

"आता तरी सांग," तो म्हणाला.

कुंडलच्या घरात राही भिंतीकडं तोंड करून पडली होती. खाटेत बाई आहे की नुसती वाकळ, हे पटकन कळू नये इतकी ती उरली होती. मनुबाई तिच्या उशाशी बसली. केरबा दारात घोटाळला.

"राही, बघ कोन आलंय."

"मामी," केरबा म्हणाला. त्याला घरून तसं शिकवून आणलं होतं.

राहीनं पदर ओढून डोळे घट्ट बांधले. उठवत नव्हतं तरी गाठ मारण्याइतका जोर तिच्या हातात कुठून आला कोण जाणे.

"कशाला आनलंत, वन्सं? बाहीर न्या त्येला. न्या म्हनते ना!"

मग मनुबाईनं सांगितलं. ताप आला नव्हता, देवऋष्याला तिनं काही विचारलंच नव्हतं, पोर पात्यामुळं जगलं, तिन्ही बाळं विळ्यानं गेली, तुझी नजर कधीच जड नव्हती. नवरा बेपत्ता झाला, पोर जाईल म्हणून मी खोटं बोलले. सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, ज्ञानूच्या देखत. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज चावडीपर्यंत सोडा, खाटेपर्यंतही धड पोचत नव्हता.

राहीनं चाचपडत मनुबाईचा हात धरला आणि थोपटला.

"तुमी लय मायाळू हायसा, वन्सं," ती म्हणाली. "मी मराय टेकलीय म्हनून तुमी खोटं बोलताय. मला कळतंय. पर नगं. सात वर्सं तुमी त्येला जपलंसा. आता एका दिसासाठी कशाला जीव धोक्यात घालायचा त्येचा?"

"खोटं न्हाई गं! ज्ञानू, सांग की तिला!"

ज्ञानू खांबाला टेकून उभा होता. तो बहिणीकडं बघतही नव्हता. "आता काय सांगू, अक्का?" एवढंच तो म्हणाला.

मनुबाईनं राहीच्या डोळ्यांवरच्या गाठीला हात घातला. तशी राही किंचाळली. अंगात रक्त नसलेली ती बाई अशी किंचाळली की केरबा घाबरून अंगणात पळाला. तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले आणि मनुबाईला हात मागं घ्यावा लागला.

संध्याकाळी ती जरा निवली. तिनं विचारलं, "हात लावला तर चालंल का वो? बघनार न्हाई मी." मनुबाईनं केरबाला आणून खाटेजवळ उभं केलं. राहीनं त्याच्या टोपीखाली हात घातला, केस चाचपले, कान चाचपले. मग अंगठा आणि करंगळी ताणून ती टाळूपासून खाली मोजत गेली. एक वीत, दोन वीत. केरबाला गुदगुल्या झाल्या, पण तो हसला नाही. शेवटी ती खाटेवरून वाकून त्याच्या टाचेपर्यंत पोचली.

"सा इती आन् चार बोटं," ती म्हणाली. "लय वाढला."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डोळ्यांवरचा पदर तोवर तिनं एकदाही सोडला नव्हता. अंघोळ घालताना तो मनुबाईनं सोडला. उशाखाली पाच दोरे निघाले, एकापेक्षा एक लांब, एकत्र वळून गाठ मारलेले. मनुबाईनं केरबाला भिंतीशी उभं केलं, टाळूपासून टाचेपर्यंत सहावा दोरा धरला, तोडला आणि त्या पाचांबरोबर राहीच्या मुठीत ठेवला. मूठ मिटेना. ती मनुबाईलाच मिटवावी लागली.

राहीचं तेरावं झाल्यावर मनुबाई केरबाला घेऊन परत निघाली. ज्ञानू ठेसनापर्यंत आला नाही. गाडीत खिडकीजवळ बसून केरबा कितीतरी वेळ बाहेरचा ऊस बघत होता. शेणोलीच्या पुढं मनुबाईनं त्याला सांगितलं, "ती तुजी मामी न्हवती. ती तुजी आई. म्या तुजी आत्या."

केरबानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तो रडला नाही.

"मग तिनं डोळं का बांधलं हुतं?"

"म्या बांधलं," मनुबाई म्हणाली.